इलन

लंडनमधल्या आमच्या हाउन्सलोच्या घराची एक भिंत आमची आणि शेजाऱ्याची मिळून एकच होती. एकमेकांना चिकटून रांगेत बांधलेली ही टेरेसमधली घरं तशीच असतात. भिंतीपलीकडच्या माणसाचा खोकला, त्याची किटली, त्याचा रेडिओ, सगळं आपल्याच घरातलं वाटतं. वरून दर दोन-तीन मिनिटांनी विमान उतरायला जायचं. ते डोक्यावर आलं की बोलणं आहे तिथे थांबवायचं आणि गेलं की त्याच शब्दापासून पुढे सुरू करायचं, ही आम्हा तिघांना सवय झाली होती. भारतातून आलेले पाहुणे दचकून छताकडे बघायचे. आम्ही घास हातात धरून शांत बसून राहायचो. आई पुण्याहून येणारा गोडा मसाला पुरवून पुरवून वापरायची आणि ब्रसेल्स स्प्राउट्सची पीठ पेरून भाजी करायची. वाफ बाहेर जावी म्हणून स्वयंपाकघराची खिडकी जानेवारीतसुद्धा बोटभर उघडी असायची, कारण युनिफॉर्मच्या कोटाला फोडणीचा वास लागला की शाळेच्या बसमध्ये मला शेजारी कोणी मिळायचं नाही. आई आठवड्यातले चार दिवस कौन्सिलच्या लायब्ररीत जायची. बाबा हॉस्पिटलात, म्हाताऱ्यांच्या वॉर्डात. त्यांना व्हायचं होतं हृदयाचे सर्जन. त्या काळी आपल्या लोकांना सर्जरीत फारसं कोणी उभं करत नसे. ज्या वॉर्डात गोऱ्या डॉक्टरांना जायचं नसे, तिथली दारं मात्र उघडी असत. बाबांनी याबद्दल घरात एकदाही तक्रार केली नाही. रविवारी दुपारी मात्र ते भिंतीकडे तोंड करून झोपायचे, आणि आई मला हळू चालायला सांगायची.

भिंतीपलीकडे तळमजल्यावर मिस्टर टियर्नी भाड्याने राहायचे. आयर्लंडहून विशीत आलेले, आयुष्यभर रस्ते खणून केबल टाकलेले, आता एकटे. त्यांच्याकडून संध्याकाळी एक आवाज यायचा. पहिल्यांदा ऐकला तेव्हा आईने भाकरी तव्यावर टाकता टाकता हात थांबवला आणि म्हणाली, अहो, इथे सनई कोण वाजवतंय? सनई नव्हती ती. सनईपेक्षा मऊ, नाकातला, आणि खाली एकच सूर सतत धरलेला. बाबा म्हणाले, बॅगपाइप असेल. पण बॅगपाइप म्हणजे मला माहीत होता तो स्कॉटिश, टीव्हीवर घागरे घातलेले पुरुष तोंडाने फुंकत चालतात तो, आणि तो भिंतीपलीकडे वाजला असता तर आमच्या कपाटातल्या बशा पडल्या असत्या.

ओळख झाली ती माझ्या नावावरून. पोस्टमनने माझं एक पत्र चुकून त्यांच्या दारात टाकलं. ते द्यायला आले आणि लिफाफा डोळ्यांपासून लांब धरून विचारू लागले, हे म्हणायचं कसं? माझं नाव ज्ञानदा. इंग्रजीत ते डी-एन-वाय असं सुरू होतं. त्या तीन अक्षरांपाशी येऊन माझ्या प्रत्येक शिक्षकाने हात टेकले होते. कोणी डायनाडा म्हणे, कोणी नुसतंच डायना, आणि एक बाई हजेरी घेताना माझ्यापाशी आल्या की चष्म्यावरून बघून मान हलवत. मी तेरा वर्षांची होते, आणि तोपर्यंत कोणी मला विचारलं नव्हतं. टियर्नींनी माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं, जिभेचं टोक दाताला कुठे लागतं ते बघितलं, आणि चौथ्या वेळी बरोबर म्हणाले. मग म्हणाले, आता माझ्या बाईचं नाव वाचून दाखव. त्यांनी मला आत नेलं. खुर्चीवर एका लाकडी पेटीत ते वाद्य होतं, आणि पेटीच्या झाकणावर आतून शाईने नाव लिहिलेलं: यू, आय, डबल एल, ई, ए, डबल एन. मी वाचलं, "उइल्लीआन." ते इतके हसले की त्यांना खुर्चीत बसावं लागलं.

"इलन," ते म्हणाले. "आजारी पडल्यावर म्हणतात ना ते इल, आणि पुढे नुसता श्वास. संपलं."

मी विचारलं, मग बाकीची अक्षरं कशाला? ते म्हणाले, ती अक्षरं एकेकाळी बोलायची, बोलणारी माणसं मेली, अक्षरं राहिली. इलन म्हणजे त्यांच्या भाषेत कोपराचं. या पाइपला तोंडाने फुंकत नाहीत. उजव्या काखेत भाता बांधतात, तो कोपराने दाबायचा, त्याची हवा डाव्या काखेतल्या चामडी पिशवीत जाते आणि पिशवीतून नळ्यांत. बसून वाजवायचं, घरात, चार माणसांसाठी. इंग्लंडमध्ये कोणाला हे नाव म्हणता येत नाही आणि म्हणता आलं तर लिहिता येत नाही, असं ते म्हणाले. मी माझ्या वहीत देवनागरीत लिहून दाखवलं. तीन अक्षरं. त्यांनी बोट ठेवून ती मोजली. "इतकंच?" म्हणाले. मी म्हटलं, आम्ही जसं बोलतो तसं लिहितो. हे बाबांचं आवडतं वाक्य होतं आणि ते पूर्ण खरं नाही हे मला पुढे कळलं, पण त्या दिवशी मला आमच्या लिपीचा जो अभिमान वाटला तो आजवर पुन्हा तसा वाटला नाही.

आता माझ्या फोनवर तो शब्द टाकला की एक बाई तो उच्चारून दाखवते, अर्ध्या सेकंदात. माझा भाचा मराठी बोलताना 'माझा आई आला' म्हणतो, आणि मी त्याला टोकत नाही. बरोबर म्हणता येणं ही चांगली गोष्ट आहे असं मला वाटायचं बंद होऊन बरीच वर्षं झाली.

दीड वर्ष मी तिकडे जात होते. वाजवायला फारसं आलं नाही. भाता माझ्या कोपराला मोठा व्हायचा. पण नळीच्या जिभल्या कशा जपायच्या ते आलं. वेताच्या त्या पातळ पात्या. हवा फार कोरडी झाली किंवा खोली थंड पडली की त्या रुसायच्या. टियर्नी हिवाळ्यात स्वतः स्वेटर घालून बसत आणि हीटर पेटीच्या बाजूला वळवून ठेवत. मग एका शनिवारी एक पोलीस आमच्याकडे आला, अगदी नम्रपणे. शेजारी कोण येतं-जातं, लांबट पेट्या घेऊन कोणी येतं का, असं विचारून गेला. लंडनमध्ये तेव्हा आयरिश बंडखोरांचे बॉम्ब फुटत होते, आणि आयरिश ढंगाने बोलणाऱ्या माणसाकडे बसमध्ये लोक वळून बघत. टियर्नींकडे कधीकधी दोन म्हातारे यायचे, त्यांच्याकडेही तशाच पेट्या असत. बाबा पोलिसाला जे खरं ते बोलले, चहा विचारला, दार लावलं आणि मला बोलावलं. म्हणाले, तो माणूस चांगला आहे यात मला शंका नाही, पण आपण परक्या देशात आहोत आणि तू चौदा वर्षांची मुलगी आहेस, आजपासून तिकडे जायचं नाही. मी हो म्हणाले. त्यांनी माझ्याकडून शब्द घेतला. मी दिला, आणि बुधवारी शाळा सुटल्यावर तिकडे गेले, कारण बुधवारी आई साडेपाचपर्यंत लायब्ररीत असे. पुढचा सगळा हिवाळा मी दर बुधवारी जात राहिले.

हिवाळा संपता संपता एका बुधवारी टियर्नी खुर्चीत भाता बांधून बसले होते, पण वाजवत नव्हते. मला बघून काहीतरी म्हणाले ते माझं नाव होतं हे मला दुसऱ्यांदा ऐकल्यावर कळलं. 'न्यादा' असं काहीतरी. ज्या एका माणसाने माझं नाव कधी चुकवलं नव्हतं, तोही आता चुकवायला लागला, असं मनात येऊन मला राग आला. मी चहा करून आणला. कप त्यांच्या उजव्या हातातून निसटला आणि जमिनीवर अंथरलेल्या लायनोवर फुटला. मला वाटलं, प्यायले आहेत. मी डॉक्टरची मुलगी होते. जेवताना टेबलावर बाबा काय काय सांगायचे ते ऐकत वाढले होते. तोंडाची एक बाजू किंचित खाली आली होती हे मी पाहिलं, आणि पाहिलं असं स्वतःला कळू दिलं नाही. पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. मी कपाचे तुकडे गोळा केले. ते डाव्या हाताने दाराकडे खूण करत होते, जा, जा, आई येईल. मी गेले. त्या संध्याकाळी मी भिंतीला कान लावला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या मजल्यावरचा भाडेकरू एअरपोर्टवरून शिफ्ट संपवून आला, तेव्हा त्याला ते लायनोवर पडलेले सापडले. मी बसस्टॉपकडे जात असताना अँब्युलन्स रस्त्यात वळत होती.

पक्षाघात. बाबांच्याच वॉर्डात आले. शुक्रवारी रात्री जेवताना बाबांनी सांगितलं, उजवी बाजू पूर्ण गेली, वाचा गेली, एक शब्द तेवढा उरलाय, सारखे हेलन हेलन म्हणतात. कोणी बायको आहे का, बहीण आहे का, तुला काही बोलले होते का पूर्वी? आईने आमटी वाढता वाढता माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हणाले. घास तोंडात होता आणि मला तो शब्द तिथेच, आमच्या टेबलावर, अगदी स्पष्ट ऐकू आला. तिथल्या नर्सेस पक्क्या लंडनच्या, ह कधी उच्चारायच्या नाहीत, हॉस्पिटलला ऑस्पिटल म्हणणाऱ्या. त्यांनी 'इलन' ऐकलं आणि तुटलेला ह स्वतःहून जोडून टाकला. बाबांनी त्यांच्याकडून ऐकला तो जोडलेलाच.

मी बोलले नाही. हे मी आजवर अनेक प्रकारे स्वतःला समजावून पाहिलं आहे. इलन हा शब्द मी दीड वर्षापूर्वी शिकले होते, तेव्हा जायला बंदी नव्हती. तेवढं सांगायला काहीच हरकत नव्हती. पण चौदा वर्षांच्या मुलीच्या डोक्यात ते सगळं एकाच दोरीला बांधलेलं असतं. शब्द सांगितला की टियर्नींचा विषय निघणार, विषय निघाला की बुधवार निघणार, आणि मग फुटलेला कप, तिरपं तोंड, पाच वाजून दहा मिनिटं. रात्रभर थंड लायनोवर पडलेला माणूस. त्या काळात पक्षाघातावर लवकर नेऊनही फार काही करता येत नसे, हे बाबाच नेहमी म्हणत, पण तेव्हा मला ते आठवलं नाही. आणि एक गोष्ट मी कधी कोणाला सांगितलेली नाही, ती इथे लिहिते. त्यांना बोलता येत नाही, याचं मला बरं वाटत होतं.

बाबा रोज थोडं थोडं सांगायचे. खाटेवरच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'हेलन' लिहून ठेवलंय. सोशल वर्करने त्यांच्या डायरीतून एक हेलन शोधून काढली, क्रॉयडनला राहणारी, कधीकाळी आयरिश क्लबात स्वयंपाक करायची. ती बिचारी दोन बस आणि एक ट्रेन बदलून द्राक्षं घेऊन आली. तिला बघून टियर्नी आधी गोंधळले, मग डाव्या हाताने चादर ओढू लागले आणि मोठ्याने तोच शब्द म्हणू लागले. तिने त्यांचा हात धरला, मी आलेय, मी हेलनच आहे, असं म्हणत राहिली. शेवटी त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. ती वॉर्डाबाहेर येऊन रडली, की मी असं काय केलं या माणसाचं. बाबांनी हे सांगताना जेवण अर्धवट ठेवलं. म्हणाले, या माणसाला काहीतरी हवंय आणि आम्हाला कळत नाहीये. मी माझ्या खोलीत जाऊन भौतिकशास्त्राची गणितं सोडवली. सगळी बरोबर आली.

असे नऊ दिवस गेले. रविवारी संध्याकाळी बाबा आईला सांगत होते की त्यांना समुद्राकडच्या एका नर्सिंग होममध्ये पाठवायचं ठरतंय, आणि लँडलॉर्डने खोली रिकामी करायला माणसं बोलावली आहेत. तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं.

"बाबा, ते हेलन म्हणत नाहीयेत. इलन म्हणतायत. त्यांच्या पाइपचं नाव आहे ते."

बाबांनी तो शब्द स्वतःशी दोनदा म्हणून पाहिला. मग ताटावरून उठले, हात धुतले, कोट घातला आणि म्हणाले, चल. आम्ही शेजारची बेल वाजवली. वरच्या भाडेकरूने दार उघडलं आणि सांगितलं की माणसं कालच सकाळी येऊन गेली. खोलीत काही नव्हतं. लायनोवर खुर्चीच्या पायांचे चार खड्डे होते, आणि भिंतीपलीकडून आई भांडी घासत असल्याचा आवाज येत होता. आमच्या घरातला एवढा बारीक आवाज तिकडे ऐकू जात असे हे मला तेव्हा कळलं.

सोमवारी बाबांनी अर्ध्या दिवसाची रजा घेतली. माझ्या आठवणीत ती त्यांची पहिलीच. मला शाळेतून मधेच बाहेर काढून ते फेल्टमच्या बाजूला जुन्या सामानाच्या एका वखारीत घेऊन गेले. लँडलॉर्डने तिथला पत्ता दिला होता. गाडीत त्यांनी मला तो शब्द कागदावर लिहायला लावला. वखारवाल्याने कागद वाचला आणि विचारलं, विल्यम? कोण विल्यम? बाबा म्हणाले, पाइप्स. तर त्याने आम्हाला मागे नेऊन शिशाचे नळ दाखवले. शेवटी मी दोन्ही कोपरं बरगड्यांवर दाबून बोटं हलवून दाखवली, तेव्हा त्याच्या लक्षात आलं. पेटी चांगली होती, म्हणाला, ती लगेच गेली. चामड्याची पिशवी कुजकी वाटली, ती कचऱ्यात टाकली. काळ्या लाकडाच्या नळ्या शनिवारीच दुपारी कोणीतरी हातात घ्यायच्या काठ्यांबरोबर घेऊन गेला, कोण ते माहीत नाही. शेकोटीच्या चिमट्यांशेजारी खिळ्याला भाता लटकत होता. त्याला तो विस्तव फुलवायचा भाता वाटला होता. बाबांनी तो उतरवून रुमालाने पुसला.

वॉर्डात भेटीची वेळ होती. टियर्नी खिडकीशी खुर्चीत बसले होते, उजवा हात उशीवर ठेवलेला. दहा-बारा दिवसांत माणूस इतका लहान होतो हे मला माहीत नव्हतं. बाबा त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसले आणि अगदी सावकाश, मी शिकवला होता तसा, तो शब्द म्हणाले.

"इलन. मिस्टर टियर्नी, तुम्हाला इलन हवेत."

त्यांचा अर्धा चेहरा उजळला. दुसरा उजळू शकत नव्हता. "इलन," ते म्हणाले, "इलन, इलन," आणि डाव्या हाताने बाबांचा खांदा घट्ट धरला. बाबांनी हातातल्या कापडी पिशवीतून भाता काढून त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी त्याच्या पट्ट्यावरून अंगठा फिरवला. मग मान वर करून बाबांच्या हातांकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे, मग खाली ठेवलेल्या पिशवीकडे. पिशवी रिकामी होती. ते थांबले. उरलेलं कोणीतरी घेऊन येत असेल, असं थांबले. बाबांनी त्यांना सांगितलं, एवढंच मिळालं, फार वाईट वाटतं. त्यांना कळलं की नाही असं मला क्षणभर वाटलं. त्यांनी भाता उचलून बाबांच्या हातात परत दिला.

त्यानंतर ते तो शब्द म्हणाले नाहीत. दुसरा कोणताही म्हणाले नाहीत. एका नर्सने उत्साहाने फळ्यावरचं हेलन पुसून नवीन शब्द लिहिला, तोही चुकीचा. बाबांनी माझा कागद बघून एकेक अक्षर नीट लिहून काढलं. आठवड्याभराने त्यांना समुद्राकडे नेलं. तिथे ते किती दिवस जगले हे आम्हाला बऱ्याच उशिरा, एका छापील पत्रातून कळलं.

त्या सोमवारी परत येताना गाडीत बाबांनी विचारलं, तुझ्या कधी लक्षात आलं? मी म्हणाले, परवा. त्यांनी मान हलवली. "हेलन ऐकून कोणाच्या लक्षात येणार," ते म्हणाले. "मी रोज त्यांच्यासमोर उभा होतो. मी ऐकायला हवं होतं."

हे त्यांनी मनाला लावून घेतलं. वॉर्डात नवीन मुलं-मुली शिकायला आली की ते ही गोष्ट सांगत, नेहमी स्वतःची चूक म्हणून. ते निवृत्त झाले तेव्हा आपल्या मंडळींनी एजवेअरच्या एका हॉलमध्ये कार्यक्रम केला. बटाटेवडे होते, श्रीखंड होतं, आई नऊवारी नेसून पहिल्या रांगेत बसली होती. बाबांनी भाषणात तीसेक वर्षांच्या नोकरीबद्दल फारसं काही सांगितलं नाही. त्यांनी टियर्नींची गोष्ट सांगितली. म्हणाले, मी डॉक्टर म्हणून एका माणसाचा शेवटचा शब्द नऊ दिवस ऐकला आणि मला तो ऐकू आला नाही. मी दुसऱ्या रांगेत होते, खरं काय ते पुढेमागे कधी सांगू असं मनाशी म्हणत. पुढे बाबा वारले आणि सांगायचं राहिलंच. त्या दिवशी मात्र ते बोलता बोलता थांबले, मला शोधलं, आणि माझ्याकडे बोट करून म्हणाले, ज्याने ऐकलं ते माणूस इथे बसलंय, माझी मुलगी. सगळा हॉल वळला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उठून नमस्कार केला.